बारकीनं काढलेले फोटो

१

बारकीचं वय पन्नाशी ओलांडून पुढं गेलं होतं, तरी ती बारकीच होती. तिच्या वरची एकच बहीण, थोरली. आणि ती नुसती वयानं थोरली नव्हती. मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून रिटायर झालेली बाई. आवाज असा, की वॉर्डाच्या या टोकाला ती बोलली तर त्या टोकाचा पेशंट उठून बसायचा. अजूनही रस्त्यात कोणी ना कोणी तिला थांबवायचं, तिचा हात हातात घ्यायचं आणि आपल्या वाचलेल्या बापाची नाहीतर लेकराची गोष्ट सांगायचं. तेवढा वेळ बारकी शेजारी पिशवी धरून उभी. तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलंच तर थोरली म्हणायची, "ही बारकी. चष्म्याचं दुकान बघते."

दोघींनी लग्न केलं नाही. वर घर, खाली दुकान. बारकी सकाळी शटर उघडायची, काउंटर पुसायची आणि दिवसभर लोकांच्या नाकाकानाशी झटत बसायची. काच घासून फ्रेममध्ये बसवणं, नाकावरच्या पॅडा वाकवणं, कानामागची दांडी गरम करून वळवणं, ही सगळी कामं तिच्या हातात होती. पण चष्म्याचं कसं असतं, तो नीट बसला की माणूस तो घातल्याचं विसरून जातो. टोचला तरच दुकानदाराची आठवण होते. बारकीची आठवण फारशी कोणाला यायची नाही, यावरून काय ते समजा.

एक दिवस समोरचे स्टुडिओवाले मोडकी दांडी घेऊन आले. पासपोर्टचे फोटो काढून काढून कंटाळलेला माणूस. त्यांनी फोनवर एक ग्रुप काढला होता. दर सोमवारी सकाळी ते एक विषय द्यायचे आणि रविवार मावळायच्या आत प्रत्येकानं त्या विषयावर स्वतः काढलेला एक फोटो टाकायचा. असं वर्षभर.

"फोन चालेल, कॅमेरा चालेल," ते म्हणाले. "फक्त आठवडा चुकवायचा नाही. वर्षभर टिकतील त्यांचं प्रदर्शन लावणार मी. या की बाई तुम्ही पण."

"येते," बारकी म्हणाली, आणि आपण असं का म्हणालो याचा विचार दांडी दुरुस्त होईपर्यंत करत राहिली.

तिनं कॅमेरा घेतला. नवा कोरा, खोक्यातून तिनं स्वतःच्या हातानं काढलेला, गॅरंटी कार्डासकट. त्याआधी तो कोणाचा नव्हता.

पहिले काही आठवडे हसं झालं. 'दार' या विषयाला दार तिरकं आलं, जणू घर एका बाजूला कललंय. 'हात' या विषयाला तिनं थोरलीचे हात घेतले आणि बोटं कापली. थोरली फोटो बघून म्हणाली, "हे इस्पितळात दिसलं असतं तर मी सर्जनला धरलं असतं." दोघी खूप हसल्या. बारकी जरा कमी हसली.

स्टुडिओवाल्यांनी तिला दुकानात येऊन शिकवलं. "कोपरं बरगड्यांना चिकटवा, बाई. अस्सं. कोपरं सुटली की फोटो हलला म्हणून समजा." तेव्हापासून बारकी कोपरं अशी आवळून धरायची की संध्याकाळी बरगड्या दुखायच्या.

२

मग 'वाफ' हा विषय आला.

सकाळची वेळ होती. स्टीलची किटली उकळत होती आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. बारकीनं श्वास धरला, कोपरं आवळली आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या भिंगावर जरा धूर साचल्यासारखं झालं, तिनं ते ओढणीच्या टोकानं पुसलं, आणि दुकान उघडायला खाली गेली. फोटो दुपारी बघितला.

आपण हे बघितलंच नव्हतं, असं तिला वाटलं. किटलीच्या तोंडातून निघालेली वाफ उन्हात शिरताना अशी वळली होती, जणू कोणीतरी मान वळवून मागं बघतंय. किटली, जाळी, कोपऱ्यातलं फडकं, सगळं जिथल्या तिथं आणि तरीही काहीतरी आता घडेल अशा बेतात थांबलेलं.

ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडला. स्टुडिओवाले तर रस्ता ओलांडून आले. "हा फोटो मी काढला असता ना बाई, तर दुकान बंद करून घरी बसलो असतो. समाधानानं."

बारकीनं तो मोठा करून घेतला, काच लावून फ्रेम केला आणि काउंटरच्या मागं टांगला. थोरली जिना उतरून खाली आली. हात मागं बांधून, वॉर्डात राउंडला उभी राहायची तशी, ती फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली.

"हा तू काढलास?"

"हो."

"चांगलाय," थोरली म्हणाली.

त्या दिवशी बारकीनं तीन गिऱ्हाइकांना दांड्या फुकट वळवून दिल्या. एकटी असली की ती मान वळवून फोटोकडे बघायची आणि परत सरळ बसायची. छाती अशी भरून आली होती की स्वेटरची बटणं तिला आवळ वाटायला लागली.

३

काच पुसताना तिला ते दिसलं.

किटलीचं पोट गोल आणि चकचकीत होतं. त्यात सगळं स्वयंपाकघर वाकून उतरलं होतं. खिडकीची कोयरी झालेली, ओटा कमानीसारखा. आणि फ्रिजच्या बाजूला एक एवढीशी बाई. बारकीनं दुकानातलं भिंग आणून लावलं. बाई म्हणजे ती स्वतःच होती. तोच स्वेटर, तीच ओढणी. दोन्ही हात पोटावर एकावर एक ठेवून, पाहुण्यांच्या घरी उभं राहावं तशी उभी.

दोन्ही हात रिकामे.

मग कॅमेरा कुठं होता?

बारकी काचेच्या धंद्यातली. फुगीर पृष्ठभाग माणसाला लहान करतो, लांब ढकलतो, कडेला ओढून वाकवतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं. पण हातातली वस्तू तो काढून घेत नाही. टायमर लावून कॅमेरा ओट्यावर ठेवला असेल का? तिला टायमर लावता येत नव्हता. आणि तो धरलेला श्वास, ती आवळलेली कोपरं, भिंगावरचा धूर, हे सगळं तिला स्पष्ट आठवत होतं.

प्रतिबिंबात कॅमेरा बरोबर मध्यभागी दिसायला हवा. तिथं तिनं भिंग नेलं. तिथं वाफ होती. दाट, पांढरी. आणि वाफेच्या मागं काहीतरी काळसर, उभं.

"बाई, आहे का चष्मा तयार?" दारात गिऱ्हाईक उभं होतं.

"या ना," बारकीनं भिंग खणात टाकलं. मनाशी म्हणाली, फुगीर पृष्ठभाग. दुसरं काय असणार.

४

त्यानंतर तिचा एकही फोटो वाया गेला नाही.

'उतार', 'लाल', 'वाट बघणं', 'धातू'. विषय कुठलाही असो, रविवारी तिचा फोटो आला की ग्रुपवर बाकीचे म्हणायचे, झालं, आता आपण कशाला टाकायचा. बेकरीवाल्यानं स्वतःच्या भट्टीचा फोटो मागून घेतला आणि गल्ल्याच्या वर लावला. बँकेतली कॅशियर नवा नंबर काढायला आली आणि म्हणाली, "ते फोटोवाल्या बाई तुम्हीच ना?" फोटोवाल्या बाई! बारकीनं तिच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजताना पट्टी दोनदा चुकीची धरली.

आणि थोरली. आता रस्त्यात कोणी तिला थांबवलं की ती समोरच्याची गोष्ट ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "हिचे फोटो बघितलेत का तुम्ही? बघाच." पिशवी आता अधूनमधून थोरली धरायची. बारकीचे हात मोकळे हवेत म्हणून.

बारकीनं ठरवलं होतं की फोटोतल्या चकचकीत वस्तूंकडे बघायचं नाही. पण जन्म गेला काचा निरखण्यात. डोळा जायचाच. दवाखान्याच्या दाराची पितळी मूठ, उभ्या गाडीच्या चाकावरचं झाकण, कोणाच्या तरी हातातला चमचा. सगळीकडे ती होती. सगळीकडे कडेला, हात रिकामे. आणि फोटो ओळीनं लावून बघितले तेव्हा तिला आणखी एक गोष्ट कळली, जी कळली नसती तर बरं झालं असतं. किटलीत ती कॅमेऱ्यापासून हातभर लांब होती. चमच्यात भिंतीला टेकली होती. मुठीत तर दाराच्या बाहेर.

भट्टीच्या फोटोत वाफ नव्हती. भट्टीच्या दाराला काच होती आणि त्या काचेत मध्यभाग स्वच्छ उतरला होता. कॅमेऱ्याचं गोल काळं तोंड. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन कोपरं, पाणकावळा पंख वाळवत बसतो तशी सताड उघडी. इतकी उघडी कोपरं ठेवून फोटो न हलवणं कसं जमतं, हा पहिला विचार बारकीच्या मनात आला. दुसरा विचार नंतर आला. कोपरांच्या उंचीवरून तिनं अंदाज बांधला, तर तो कॅमेरा तिच्या डोक्याच्याही वर धरलेला होता.

त्याच्या वर चेहरा असायला हवा होता. तिथं काचेवर काजळी धरली होती.

५

'घर' हा विषय आला त्या रविवारी बारकीनं सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. थोरली शेजारी गेली होती. भर दुपार. बारकी आपल्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. आरसा सपाट होता, तो तिनं स्वतः पुसला. कॅमेरा डोळ्याला लावला, कोपरं आवळली. आरशात तिला स्वच्छ दिसत होतं, मध्यभागी ती, तिच्या हातात कॅमेरा, आजूबाजूला पलंग, खुर्ची, उघडं दार. दुसरं कोणी नाही. तिला हसू आलं. तिनं बटण दाबलं.

मग कॅमेरा उलटा करून मागच्या पडद्यावर बघितलं.

पलंग होता, खुर्ची होती. बारकी दारापाशी होती. अंगाबरोबर हात सोडून, मान जरा वर करून ती खोलीच्या मध्यभागी कोणाच्या तरी तोंडाकडे बघत होती. तिथं खिडकीतलं ऊन आरशावर असं आपटलं होतं की नुसता पांढरा डाग उमटला होता. उंच.

पण बारकीची नजर डागावर ठरेना. ती स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. असा चेहरा तिनं कुठंतरी बघितला होता, आरशात मात्र कधी नाही. शाळेच्या गॅदरिंगला पडदा उघडतो आणि आपलं पोर पाठ केलेलं न चुकता म्हणतं, तेव्हा खाली बसलेल्या आईच्या तोंडावर असतो तो चेहरा.

कौतुकानं ओथंबलेला.

तिनं मागं वळून बघितलं. खोली रिकामी होती. पलंगावरची चादर तिनं सकाळी ताणली तशीच ताणलेली होती. फक्त दाराचा पडदा हलत होता, आणि वारा नव्हता असं काही ती छातीठोकपणे सांगू शकली नसती.

संध्याकाळी फोटो घेऊन ती स्टुडिओत गेली. कोणाला तरी दाखवायला हवा होता.

स्टुडिओवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक फोटोला लावलं. "बाई! म्हणजे काढणाऱ्याला पुसून टाकलंत आणि स्वतः बघत उभ्या राहिलात? टायमर लावून केलंत ना हे?"

तेव्हाच सांगता आलं असतं. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं.

"काय सुचतं हो तुम्हाला," ते म्हणाले. "चाळीस वर्षं धंद्यात आहे मी, मला नाही सुचलं."

"हं," बारकी म्हणाली. "सुचलं खरं."

६

पण घरी येऊन तिनं कॅमेरा कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली दुकानातल्या स्क्रूंच्या डबीत टाकली.

पुढचा विषय 'खुर्ची' होता. काय मोठंसं. दुकानात गिऱ्हाइकाला बसवायची खुर्ची होती, खिडकीशी, उन्हात. बारकीनं आठवडाभर तिच्याभोवती घिरट्या घातल्या आणि रविवारी फोनवर फोटो काढला. खुर्ची तिरकी आली. एक पाय कापला गेला. पुन्हा काढला. आता पाठ कापली गेली. कितीतरी वेळा काढला. शेवटी स्टुलावर बसून तिनं सगळे फोटो एकामागून एक बघितले आणि तिला अगदी शांतपणे कळलं की हे आपले फोटो आहेत. दाराचा आणि बोटं कापलेल्या हातांचा फोटो आपण काढला होता. त्यानंतरचा एकही नाही.

थोरलीनं खांद्यावरून डोकावलं. "हे काय गं? बरं नाही का तुला?"

"ताई," बारकी म्हणाली. "समज, ते सगळे फोटो मी काढत नसेन तर?"

"मग कोण काढतं?"

"माहीत नाही मला. खरंच माहीत नाही. माझ्या हातात कॅमेरा असतो, पण मी..." खणातला भट्टीचा फोटो काढून ताईपुढं धरावा असं तिला वाटलं.

थोरली समोरच्या त्याच खुर्चीवर बसली. ती बोलली तेव्हा आवाज वॉर्डातला नव्हता.

"बारके, लहानपणापासून तुझं हेच आहे. काही चांगलं घडलं की ते आपलं नाहीच म्हणायचं. मला वाटायचं, मीच तुझी जागा खाल्ली म्हणून तू अशी झालीस." तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आता कुठं लोक तुला तुझ्या नावानं ओळखायला लागलेत. मी तर सगळ्या गावाला सांगून बसलेय. मला बरं वाटतं गं सांगताना. माझं हसं करू नकोस."

असं थोरली तिच्याशी आयुष्यात बोलली नव्हती. बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. भट्टीचा फोटो खणातच राहिला.

"माझेच आहेत," ती म्हणाली. "मीच काढलेत."

"मग?"

बाहेर अजून उजेड होता. बारकीनं स्क्रूंची डबी उलटी केली, किल्ली शोधली आणि जिना चढून वर गेली. कॅमेरा कपाटात होता. तिनं तो लेन्स खाली करून ठेवला होता असं तिला वाटत होतं. आता तो दाराकडे तोंड करून होता. पण घाईत ठेवला होता, कसा ठेवला ते कोण लक्षात ठेवतं.

खुर्चीचा फोटो असा आला की बघणाऱ्याला वाटावं, यात कोणीतरी बसलंय आणि आपल्याला उठून जागा देणार आहे.

७

वर्षाचा शेवटचा विषय 'माणूस, जवळून' असा होता. बारकीनं दुसऱ्या कोणाचा विचारच केला नाही.

थोरली दुकानात खिडकीशी बसली. केस विंचरलेले, कॉलर नीट, जबडा आवळलेला. इस्पितळाच्या ओळखपत्रावर असायची तश्शी.

"जरा सैल सोड ना तोंड."

"हे असंच आहे माझं तोंड. काढ लवकर, पाठ दुखते."

बारकी दोन पावलं पुढं सरकली. कॅमेरा डोळ्याला लावला. त्यातून थोरलीचा चेहरा अगदी जवळ दिसत होता, गालावरची बारीक लव, भुवईतला एकच पांढरा केस. आणि मग थोरलीची नजर वर सरकली. बारकीच्या डोक्यावरून, थोडी वर, अजून थोडी वर. तिथं ती थांबली. जबडा सैल झाला. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या जमल्या आणि थोरली हसली. असं, की बारकीला वाटलं, अरे, ही एके काळी मुलगी होती.

"ताई, वर कुठं बघतेस? माझ्याकडे बघ."

"तुझ्याकडेच तर बघतेय," थोरली तिथंच बघत म्हणाली.

खट् असा आवाज झाला. बारकीचं बोट बटणावर होतं. पण ते खाली गेलं की नाही, हे तिला नंतर कितीही आठवून आठवलं नाही.

मानेवर तिला काहीतरी गार जाणवत होतं, आपल्या मागं उभं राहून कोणी हळूच श्वास सोडावा तसं. तिनं मागं बघितलं नाही. थोरली हसत होती आणि ते हसू तिला मोडायचं नव्हतं.

८

प्रदर्शन वाचनालयाच्या हॉलमध्ये होतं. त्यासाठी बारकीनं नवा निळा स्वेटर घेतला. सकाळी ती लवकर गेली. स्टुडिओवाले शिडीवर उभे राहून दिव्यांची तोंडं वळवत होते. सगळ्यांचे फोटो बाजूच्या भिंतींवर होते. समोरच्या मुख्य भिंतीवर, स्टेजच्या शेजारी, एकटी थोरली होती. माणसाएवढी मोठी.

"हाच इथं लावायचा, हे मी बघितल्या दिवशीच ठरवलं," स्टुडिओवाले शिडीवरून म्हणाले. "काय नजर आहे! ज्यानं काढला त्याच्यावर माणसाचा केवढा जीव असेल!"

बारकी जवळ गेली. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचा धंदा तिचा. बुबुळावर खिडकी उतरते, खिडकीपुढं उभा असलेला माणूस उतरतो. इतक्या मोठ्या फोटोत भिंगाचीही गरज नव्हती.

खिडकी होती. खिडकीपुढं कोणीतरी उभं होतं. उंच, कोपरं फाकलेली. तिनं त्याकडे फार वेळ बघितलं नाही. ती स्वतःला शोधत होती. कडेला, भिंतीशी, दुकानाच्या दारात, दाराच्या बाहेर रस्त्यावर. आधी डाव्या डोळ्यात शोधलं, मग उजव्या.

कुठंच नव्हती.

दुपारी हॉल भरला. बेकरीवाला आला, कॅशियर आली, इस्पितळातल्या जुन्या नर्सा आल्या आणि थोरलीच्या फोटोपुढं तोंडावर हात धरून उभ्या राहिल्या. थोरली पहिल्या रांगेत बसली होती, बारकी तिच्या शेजारी. स्टुडिओवाल्यांनी माइक हातात घेतला. वर्षभराची गोष्ट सांगितली, सगळ्यांची नावं घेतली आणि म्हणाले, "आता ज्यांच्यामुळं हे प्रदर्शन, त्या आमच्या बाईंनी दोन शब्द बोलावेत."

टाळ्या सुरू झाल्या. उठताना बारकीच्या मांडीवरची पिशवी घसरली, चष्म्याचं घर, रुमाल, किल्ल्या खुर्चीखाली पांगल्या. ती वाकली आणि चाचपडत एकेक गोळा करायला लागली. टाळ्या थांबल्या. लोक आपली वाट बघतायत, तिला वाटलं, आणि ती घाईनं सरळ झाली.

कोणी तिची वाट बघत नव्हतं. सगळ्यांची तोंडं स्टेजकडे होती. स्टुडिओवाल्यांची पाठ मध्ये होती, ते माइकची दांडी वर सरकवत होते, अजून वर. त्यांच्या पलीकडून एक निळी बाही पुढं आली आणि दांडी धरून स्थिर झाली.

"मला फारसं बोलता येत नाही," माइकमधून आवाज आला.

आवाज बारकीचा होता. घोगरा, जरासा नाकातला. पण त्यात कसलं कापरं नव्हतं. हॉल प्रेमानं हसला. आवाजानं त्यांना हसू दिलं, नेमकं हवं तेवढं, आणि मग पुढं बोलायला लागला. किटलीबद्दल. वाफेबद्दल. वरच्या मजल्यावरच्या घराबद्दल, आणि थोरल्या बहिणीबद्दल, जिच्यासाठी हे सगळं केलं.

"ताई," बारकी कुजबुजली. तिनं थोरलीच्या बाहीला हात लावला. "ताई, मी इथंय. ताई."

थोरलीचे डोळे भरून वाहत होते. ते स्टेजवरून ढळले नाहीत. तिनं न बघताच बारकीच्या मनगटावर हात ठेवला, पेशंटच्या नातेवाइकाला समजवावं तसा, मऊ आणि परका.

"जरा बाजूला होता का हो?" ती म्हणाली. "मला दिसत नाहीये. माझी बहीण बोलतेय."

बारकी बाजूला झाली. खुर्च्यांमधून वाट काढत ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिथून स्टेज चांगलं दिसत होतं. निळा स्वेटर दिसत होता, सरळ पाठ दिसत होती. चेहरा तेवढा माइकच्या मागं होता. पळावं, ओरडावं, असं काहीतरी तिच्या पोटातून वर येत होतं, आणि वर येता येता ते बदलत गेलं. किती छान बोलत होती ती. कुठं अडखळली नाही, कोणाला विसरली नाही. आणि सगळा हॉल कसा कान देऊन ऐकत होता! आपल्या घरातलं माणूस असं चार लोकांपुढं उभं राहतं, आणखी काय हवं असतं?

भाषण संपलं. हॉल टाळ्यांनी दणाणला आणि हळूहळू शांत झाला. भिंतीपाशी मात्र कोणीतरी अजून वाजवत होतं. पहिल्या रांगेतल्या नर्सांपैकी एकीनं मागं वळून बघितलं, आणि तिथं कोणी दिसलं नाही म्हणून ती पुन्हा स्टेजकडे बघायला लागली.